दहापैकी दहा

९ मार्च

प्रिय मुली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. तुला ते नको असतील तर पुढच्या ओळीपासून वाच. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही म्हणून हे ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. कामाचं आहे.

आईच्या इंग्रजीच्या वर्गातल्या गोष्टींचं पुस्तक काढायचं तिच्या संस्थेने ठरवलंय. दुसऱ्या पायरीच्या वर्गासाठी तिने अकरा वर्षांत लिहिलेल्या गोष्टी. प्रत्येकी एक पान, खाली पाच प्रश्न. परवानगीच्या फॉर्मवर तुझी आणि माझी, अशा दोन सह्या लागतात. फॉर्म सोबत आहे.

संचालक स्वतः लॅबमध्ये आले होते. आई त्यांना गुळगुळीत म्हणायची. मी दिवसभर कवळ्या घासून गुळगुळीत करतो, पण त्या माणसाइतकी गुळगुळीत वस्तू माझ्या हातून अजून झालेली नाही. सकाळी आलेले ठसे टेबलावर पडलेले होते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. त्यात कधी रक्ताचा डाग असतो, कधी पावाचा कण अडकलेला असतो. तो धुऊन मग काम सुरू करायचं. संचालकांनी रुमाल नाकाशी धरला आणि म्हणाले, "तुमच्या मिसेस म्हणजे आमच्या संस्थेचा आत्मा होत्या." तेवीस वर्षांत मला ठशांची कधी किळस आली नाही. त्या वाक्याची आली.

संस्थेतही जाऊन आलो. दाराजवळच्या फलकावर आईचा फोटो लावलाय. त्याला चिकटून नव्या बॅचचं 'प्रवेश सुरू' असं पत्रक आहे, आणि त्याचा एक कोपरा आईच्या खांद्यावर आलाय. मी तो मागे दुमडला. दोन दिवसांनी गेलो तर कुणीतरी सरळ केला होता.

वह्या माझ्याकडे आहेत. गोष्टी एकूण अडतीस. त्यातली एकतीस नंबरची सापडत नाही. पुष्कळ शोधली. तेव्हा पुस्तक सदतीस गोष्टींचं होईल.

आई गेल्यावर सप्टेंबरमध्ये परत जाताना तू मला दारात विचारलं होतंस, "बाबा, तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?" डॉक्टर म्हणाले होते की आठ महिने आधी आणलं असतंत तर मी वेगळं बोललो असतो. त्यावरून तू विचारलंस. मी म्हणालो, तिने कुणालाच सांगितलं नाही. तू म्हणालीस, आई सांगितल्याशिवाय राहणारी नव्हती. आपलं बोलणं तिथे थांबलं ते आजवर थांबलेलंच आहे. माझं उत्तर तेच आहे. विषय निघाला म्हणून लिहिलं.

फॉर्मवर सही दोन ठिकाणी करायची आहे.

बाबा


२ एप्रिल

प्रिय मुली,

तुझं उत्तर मिळालं. इंग्रजीत चार ओळी, ऑफिसच्या कागदावर. फॉर्म सही न करता परत पाठवलास, तेही बघितलं.

तू विचारतेस, एकतीस नंबर म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईची गोष्ट का. तू लिहितेस की तू परदेशी निघायच्या आधी आई तुला ती वाचायला देणार होती, आणि तू मागितलीस तर 'शेवट झाला नाही अजून' म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. हो, तीच असावी.

या गोष्टी ती कशा बेतायची ते तुला पूर्ण माहीत नसेल, कारण रविवारी सकाळी आमचं हे चालायचं तेव्हा तू झोपलेली असायचीस. नवी गोष्ट ती लांब वहीत पानाच्या पुढच्या बाजूला लिहायची. मी ती एकदाच वाचायची, शब्दकोश न बघता. मग पान उलटून मागच्या बाजूला पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. प्रत्येक उत्तराला दोन मार्क. ती लाल पेन्सिल घेऊन समोर बसायची. माझं इंग्रजी बरोबर तिच्या वर्गाइतकं. यंत्राचं माहितीपत्रक वाचता येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता येतात, पण कुणी विनोद केला तर मला घरी आल्यावर हसू येतं. ती म्हणायची, "अहो, तुम्ही अडलात तिथे माझा अख्खा वर्ग अडतो. तुमच्यासारखं माप बाजारात मिळायचं नाही."

सातच्या खाली मार्क पडले की ती गोष्ट पुन्हा लिहायची. एकदा मला तीन पडले. मी ओशाळलो, तर म्हणाली, "नापास तुम्ही नाही झालात, गोष्ट झाली." त्यामुळे मी त्या गोष्टींकडे तपासणीचं काम म्हणूनच बघायचो. साचा ओतल्यावर त्यात बुडबुडा राहिलाय का बघतात, तसं.

दुसऱ्या पायरीबद्दल तिचं एक म्हणणं होतं. पहिल्या पायरीवरचा माणूस पाणी मागतो, पत्ता विचारतो, तेवढ्याने त्याचं भागतं. दुसऱ्या पायरीवर त्याला स्वतःबद्दल काही सांगायचं असतं, आणि तिथे त्याची बोबडी वळते. दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगायला दिलं की जीभ सुटते. म्हणून गोष्टी.

संचालकांना मी सांगितलं की एकतीस नंबर हरवली. ते म्हणाले, "काळजी सोडा. वर्गात वाटलेले कागद विद्यार्थ्यांकडे असतीलच. मागवून घेतो." मला ते सुचलं नव्हतं.

बाबा


१० एप्रिल

प्रिय मुली,

आज पत्र लिहायचं विशेष कारण नाही.

तुझ्या आत्याचा फोन होता. म्हणते, "किती दिवस त्या वह्या कवटाळून बसणार आहेस? रद्दीत दे आणि मोकळा हो. आणि जेवतोस का वेळेवर?" मी म्हणालो, जेवतो. ती म्हणाली, "वहिनीचं काय, ती बोलायची जगाबद्दल, स्वतःचं कधी ओठांवर आणायची नाही. तुझा काय दोष?" मी फोन ठेवला आणि साबणाने हात धुतले. का ते सांगता येत नाही. मला दिलासा देणाऱ्या माणसांचा हल्ली वीट आलाय. दिलासा देऊन झाला की ती चहात बिस्किट बुडवतात आणि तो चांगला झालाय म्हणतात.

तुझ्या खोलीची खिडकी लागत नव्हती, ती बसवली.

बाबा


१९ एप्रिल

प्रिय मुली,

एकतीस नंबर हरवलेली नाही. ते पान लॅबमध्ये प्लास्टरच्या गोणीमागे आहे. जानेवारीत वह्या आवरताना मला दिसलं, आणि त्याच दिवशी मी ते पट्टी लावून कामाच्या पात्याने कापून काढलं. वहीत ते कधी होतं अशी शंकाही येणार नाही, इतकं सफाईने कापलंय. मागच्या पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोललो.

आज लिहितोय त्याला कारण घडलं. परवा दुपारी आईच्या वर्गातल्या एक बाई लॅबमध्ये आल्या. हॉटेलातल्या वेटरांचे कोट लहानमोठे करून देणं हा त्यांचा व्यवसाय. संचालकांनी सगळ्यांना कागद मागितले होते, यांनी सगळेच्या सगळे फाईलला लावून जपलेले. एकतीस नंबरची एक प्रत संस्थेत देऊन एक माझ्यासाठी आणली होती. मी खुर्ची दिली. त्या बसल्या, पण फाईल मांडीवरून सोडेनात.

"काका, एक विचारू? राग धरू नका."

"विचारा."

"ही गोष्ट वाचली ना, त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी बाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, बाई, घड्याळबिड्याळ राहू द्या, हे तुमचं स्वतःचं आहे का? आता माझं इंग्रजी तेव्हा काय हो, निम्मे शब्द डोक्यावरून गेले होते. पण बाई वाचून दाखवताना सारखा दंड अंगाशी दाबून धरत होत्या. कपडा अंगाला कुठे काचतोय ते मला लांबून कळतं, तो माझा धंदाच आहे."

"मग? काय म्हणाली ती?"

"हसल्या. म्हणाल्या, घरी वाचून झालीय, त्यांना दहापैकी दहा मिळालेत. मला वाटलं, चला, घरी माहीत आहे, म्हणजे बघत असतील. मी परत विषय काढला नाही. बघत होतात ना, काका?"

मी हो म्हणालो.

त्यांना हायसं वाटलं. "तेच म्हटलं मी," म्हणाल्या, आणि जाता जाता माझ्या कोटाची बाही बघून म्हणाल्या, "ही उसवलीय, द्या, शिवून आणून देते." मी कोट दिला. त्या गेल्यावर मला उमगलं की बायकोबद्दल मी आणखी एक बरोबर उत्तर देऊन बसलोय. बेसिनपाशी जाऊन मी पुन्हा साबणाने हात धुतले.

आता गोष्ट सांगतो. एक बाई घड्याळं दुरुस्त करते. नवरा चांगला आहे. हळू जेवतो, कमी बोलतो. एके सकाळी आंघोळ करताना तिला काखेत गाठ लागते, वाटाण्याएवढी. दुखत नाही. त्यांची मुलगी पुढच्या महिन्यात लांबच्या देशात नोकरीला जाणार आहे. तिला कळलं तर ती जाणार नाही, हे बाईला ठाऊक आहे. बाई रोज ठरवते, आज नवऱ्याने आपल्याला कसं वाटतंय असं विचारलं की सांगून टाकायचं. नवरा रोज विचारतो, दार लावलंस का, गॅस बंद केलास का, उद्या दूध किती घ्यायचं. इथे गोष्ट थांबते.

तारीख चौदा जुलै. तुझं विमान नऊ ऑगस्टला होतं. डॉक्टरांकडे आम्ही पुढच्या मार्चमध्ये गेलो. ते आठ महिने तुला मोजायला नकोत, तू ते केव्हाच मोजलेले असणार.

पाचवा प्रश्न होता, नवऱ्याने काय करायला हवं? मी लिहिलंय की नवऱ्याने आजच तिला विचारायला हवं, आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे न्यायला हवं, उशीर करणं धोक्याचं आहे. अक्षर सुरेख आहे. वाक्यं पूर्ण आहेत. जानेवारीत ते वाचलं तेव्हा मला उलटी झाली. अलंकार म्हणून लिहीत नाही. संडासापर्यंत पोहोचलो नाही, लादी पुसावी लागली. स्वतःच्या हस्ताक्षराची एवढी शिसारी येऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

त्या रविवारचं मला सगळं आठवतं, हे त्याहून वाईट. विसरलो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. मी वही तिच्याकडे सरकवली. ती पहिल्या चार उत्तरांवर भराभर खुणा करत गेली आणि पाचव्यावर थांबली.

"हे मनापासून लिहिलंत?"

"मनापासून म्हणजे? गोष्टीवरून तसंच दिसतंय की."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि मार्क मांडले.

मी म्हणालो, "शेवट अर्धवट वाटतो. वर्ग विचारेल, पुढे काय झालं म्हणून."

ती म्हणाली, "तुम्ही विचारताय का?"

"मी कशाला विचारू? मला कळली की."

आणि मी उठून कप विसळले. ती तशीच बसून होती. मी पाठीमागून विचारलं, "दूध उद्या एक घेऊ की दोन?" मी हे तिला चिडवायला म्हणालो असतो तरी चाललं असतं, गोष्टीतलं वाक्य आहे म्हणून. पण तसंही नव्हतं. मला खरंच दुधाचं विचारायचं होतं. ती म्हणाली, "एक पुरे."

तुझ्यापासून हे लपवण्याचं एक कारण मी तयार ठेवलं होतं. गोष्टीत मुलगी आहे, ती वाचून तुला वाटेल की आई तुझ्यापायी गप्प राहिली, आणि ते ओझं तू जन्मभर वाहशील. तीन महिने मी हे कारण वापरलं. रोज दाढी करताना वापरायचो. कारण चांगलं आहे, कुणालाही सांगावं असं आहे, आणि खोटं आहे. ती गप्प राहिली नाही. वर्षानुवर्षं ज्या टेबलावर मी तिचं लिहिलेलं वाचत होतो त्याच टेबलावर तिने ते माझ्यापुढे ठेवलं, मला झेपतील तेवढ्याच शब्दांत, आणि मला त्यातला एकही शब्द अडला नाही. तू निघून जाईपर्यंत थांबायचं तिच्या मनात असेलही, पण ते तुझ्यापुरतं, माझ्यापुरतं नव्हतं. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. एवढंच ठरवलं होतं तिने.

तेव्हा तू दारात जे विचारलंस त्याचं उत्तर, हो. मला माहीत होतं. तुझं म्हणणं बरोबर होतं.

बाबा


६ मे

प्रिय मुली,

तुझ्याकडून काही आलं नाही. यायलाच हवं असं नाही. पुस्तकाचं पुढे काय झालं तेवढं कळवतो, कारण त्याला तुझी सही लागते.

संचालकांनी बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत कसलासा फुलांचा वास फवारलेला असतो, तिथे बसलं की माझं डोकं उठतं. एकतीस नंबरची टाईप केलेली प्रत त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "वाचा. जरासा हात फिरवलाय."

त्यांनी शेवट लिहिला होता. नवरा दुकानातून घरी येतो आणि बायकोचा चेहरा बघून त्याच्या लगेच लक्षात येतं. तो म्हणतो, प्रिये, आज तू गप्प का? दोघं डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात, काळजीचं कारण नाही. मुलगी विमानतळावर हात हलवते. तिघंही हसतात. पाचवा प्रश्नही बदललाय. आता तो आहे, नवऱ्याचे तीन गुण लिहा.

तुला खरं सांगतो, पहिल्यांदा वाचताना मला बरं वाटलं. अर्धा मिनिट असेल. त्या शेवटात मी चांगला माणूस आहे. वेळेवर घरी येतो, चेहरा बघतो. एक सही केली असती तर वर्षावर्षाला नवीन नवीन माणसं वर्गात बसून माझे गुण लिहीत राहिली असती, आणि तुझ्या हाती पुस्तक पडलं असतं तर त्यात हीच गोष्ट असती. आईची उरली असती ती फक्त माझ्या गोणीमागे आणि शिवणवाल्या बाईंच्या फाईलमध्ये. त्या अर्ध्या मिनिटाइतकं घाणेरडं मला ती उलटी पुसतानाही वाटलं नव्हतं.

"कसं वाटलं?" संचालक म्हणाले.

"शेवट तिचा नाही."

"अहो, मूळ गोष्टीला शेवटच नव्हता. माणसं दिवसभर राबून वर्गाला येतात. त्यांना घरी पाठवताना जरा उभारी येईल असं काहीतरी द्यायला नको? रडवून कुणी इंग्रजी शिकत नाही."

"तिच्याकडे शिकले."

"ते झालंच हो." ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी स्पष्टच बोलतो. बाईंचं नंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोक ही गोष्ट वाचून दोन आणि दोन चार करतील. तुमच्याकडे बोट दाखवतील. मी हे तुमच्या भल्यासाठी केलंय."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. एका वाचनात. रुमाल नाकाला लावणाऱ्या त्या माणसालाही.

मी म्हणालो, "दाखवू द्या."

"तुम्हाला त्रास होईल."

"व्हायला पाहिजे."

मी त्यांच्यापुढे दोन-तीन शब्दांपलीकडे कधी बोललेलो नाही, त्यामुळे त्यांना बहुधा वाटलं की माझी तब्येत ठीक नाही. पाणी मागवलं. म्हणाले, "बरं, असं करू. ही गोष्टच वगळू. सदतीस घेऊ. तुम्हीच म्हणाला होतात ना आधी?"

"म्हणालो होतो. आता नाही."

"मग तुमची मुलगी? त्यांना हे चालेल? त्याही गोष्टीत आहेत, म्हटलं."

या माणसाबद्दल मला अजूनही चांगलं काही वाटत नाही, पण हा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. मी म्हणालो, तिला विचारतो.

तेव्हा विचारतोय. सोबत नवा फॉर्म आहे. त्यावर मी माझ्या हाताने लिहिलंय की एकतीस नंबरची गोष्ट आईने लिहिली तशीच, तिच्या पाच प्रश्नांसकट छापावी, आणि खाली सही केली आहे. दुसऱ्या रकान्यात तुझी जागा मोकळी आहे. सही केलीस तर पुस्तक निघेल. नाही केलीस तर निघणार नाही, आणि त्याबद्दल मी तुला कधी विचारणार नाही. पण ती गोष्ट काढून टाकून किंवा तो शेवट चिकटवून पुस्तक काढायला मी तयार नाही.

पाकिटात ते पानही आहे. पुढच्या बाजूला आईचं अक्षर आहे, मागच्या बाजूला माझं आणि लाल पेन्सिल. मी त्याची प्रत काढलेली नाही. कडेला थोडं प्लास्टर लागलंय, पुसू नकोस, कागद फाटेल. पुस्तकात माझी उत्तरं अर्थातच येणार नाहीत, ती बघायचा हक्क तुझ्या एकटीचा आहे. ठेवायचं तर ठेव, जाळायचं तर जाळ. माझ्याकडे ते राहिलं तर मी पुन्हा कुठेतरी लपवीन, एवढी मला माझी ओळख पटलीय.

काल शिवणवाल्या बाई कोट घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो, मी बघत नव्हतो. त्यांनी कोटाची घडी टेबलावर ठेवली, प्लास्टर सांडलेलं होतं तिथेच, आणि निघून गेल्या. त्यांनी मला दिलासा दिला नाही याचं बरं वाटलं.

तुला यावर जे म्हणायचं असेल ते लिही, किंवा फोन कर. मी सहापर्यंत लॅबमध्ये असतो. कितीही वाईट असलं तरी चालेल. फक्त मराठीत म्हण. इंग्रजी मी नीट समजून घेतो, बरोबर उत्तर देतो आणि मोकळा होतो.

बाबा